बटाटे काढणाऱ्या बाया

मंगरूळपीरजवळच्या खेड्यातली धम्मदीपा शिष्यवृत्ती मिळवून ग्लासगोला कलासमीक्षा शिकायला गेली, तेव्हा शेजारणींना काय सांगावं हेच तिच्या आईला, भागिरथाबाईला, कळेना. "पोरगी चित्रं काढाले गेली का वो?" कुणी विचारलं की ती म्हणायची, "काढाले नाही, पाहाले गेली." बाया हसायच्या. तीही हसायची.

तिथं पहिल्याच महिन्यात इस्लाबाईंनी, धम्मदीपाच्या शिक्षिकेनं, वर्गाला संग्रहालयात नेलं आणि ज्याला-त्याला एकेक चित्र निवडायला लावलं. धम्मदीपानं बटाटे काढणाऱ्या बायांचं लहानसं चित्र निवडलं. ओळखीचं वाटलं, म्हणून. लेखही झपाट्यानं लिहून टाकला. कष्टकरी स्त्रीचं दुःख, वाकलेल्या पाठी, पिढ्यान्‌पिढ्यांचं ओझं. इंग्रजी कच्चं होतं, पण विषय आपला होता.

इस्लाबाईंनी लेख वाचून एकच विचारलं, "दुःख चित्रात नेमकं कुठं दिसलं तुला?"

धम्मदीपाला रागच आला. या बाईला काय ठाऊक शेतातलं? त्या रागातच ती पुन्हा जाऊन चित्रासमोरच्या बाकावर बसली. बाईंना दाखवूनच द्यायचं होतं.

बराच वेळ काही वेगळं दिसलं नाही. मग डावीकडची बाई दिसली. ती वाकलेली नव्हतीच. कमरेवर हात ठेवून ती मागं वळली होती, तोंड उघडं होतं. मागच्या दोघी तिच्याकडंच बघत होत्या, एकीनं तोंडावर पदरासारखा रुमाल धरलेला. चित्रकारानं सगळ्यात उजळ रंग त्या तिघींच्या चेहऱ्यांना दिला होता. त्या हसत होत्या! कुणीतरी काहीतरी चावट बोललं होतं.

धम्मदीपाला आई आठवली. सोयाबीन सोंगताना आई एखादं वाक्य असं टाकायची, की सगळ्या बाया विळे खाली ठेवून पोट धरून हसायच्या. आणि तिच्याच पोरीनं शेतातल्या बायांची आधी कीव केली होती, बघितलं नंतर. डोळे भरून आले तिचे.

तिनं लेख नव्यानं लिहिला. पुढं वर्षभर दर शनिवारी इस्लाबाई ग्रंथालयात तिच्याशेजारी बसून अवघड पुस्तकं वाचायच्या. "हे वाक्य मलाही कळलं नाही, परत वाचू," असं म्हणणारी शिक्षिका तिला आजवर भेटली नव्हती.

निघायच्या आदल्या दिवशी तिनं त्यांच्या स्वयंपाकघरात आईनं दिलेल्या कुरडया तळल्या. भागिरथाबाई व्हिडिओ कॉलवर होतीच. इस्लाबाई कुरडई हातात घेऊन तिची पांढरी वेटोळी फिरवून फिरवून न्याहाळत बसल्या.

"काय करून राह्यली वो ते बाई?"

"पाहून राह्यली, आई."

"मंग खाईन कवा? मऊ पडन ना! आन तिले माहा जय भीम सांग. म्हनाव, परमुलखात माह्या पोरीले जीव लावला तुमी. एकडाव आमच्या घरी या."

धम्मदीपानं इंग्रजीत सांगितलं. इस्लाबाईंनी कुरडई खाली ठेवली, फोनकडं बघून हात जोडले आणि म्हणाल्या, "येईन."

धम्मदीपा आता कारंजा लाडला एका महाविद्यालयात शिकवते. चित्रांवर मराठीतून लिहिते. या हिवाळ्यात इस्लाबाई खरंच यायच्या आहेत, आणि भागिरथाबाईनं ओसरीला रंग लावून घेतलाय.