ह्याचे मोजे कोण धुता?

"ती येवची नाय ओ. ती 'हो'सुद्धा मान हलवन सांगता."

समोरच्या फ्लॅटमधल्या मावशी स्वयंपाकघरात काकांना सांगत होत्या, आणि मी त्यांच्याच हॉलमध्ये त्यांचा रिकामा डबा हातात घेऊन उभी होते. अगदी रिकामा नव्हे. डबा रिकामा परत करायचा नसतो, म्हणून आईने त्यात मूठभर शंकरपाळे टाकले होते. दार नेहमीसारखं उघडंच होतं. 'ती' म्हणजे मी, हे कळायला वेळ लागला नाही. आमच्या मजल्यावर मान हलवून हो म्हणणारं दुसरं कोणी नाही.

"विचारून तरी बघ," काका म्हणाले. ते पुण्यात वाढलेले. बायकोच्या मालवणीला गेली कित्येक वर्षं प्रमाण मराठीत उत्तरं देतात.

"विचारूचा काय त्यात? जेवाक वाढतंय तसा तिकीट वाढू?"

तिकीट पॅरिसच्या टेनिस स्पर्धेचं होतं, त्या तांबड्या मातीवरच्या. आणि जगात टेनिस फक्त एका कारणासाठी खेळलं जातं, ते म्हणजे खेळणाऱ्याचे पांढरे मोजे लाल व्हावेत, असं मानणारी मला माहीत असलेली एकमेव व्यक्ती म्हणजे या मावशी.

मे महिना संपत आला, की दोह्याच्या अल हिलाल भागातली आमची इमारत पडदे ओढून एसीच्या घरघरीत गप्प बसते. मावशींच्या घरी मात्र सण सुरू होतो. बाल्कनीतली तुळशीची कुंडी आत येते आणि टीव्हीच्या शेजारी विराजमान होते. कारण विचारलं तर, "भायर ऊन मरणाचा असा." पण ऊन जुलैतही असतं, आणि तेव्हा तुळस बाल्कनीतच असते. खरं कारण काकांनी मला एकदा हळूच सांगितलं. कुंडीतली तांबडी माती मावशींनी कुडाळजवळच्या आपल्या माहेरच्या परड्यातून आणलेली आहे. "तिचे नातेवाईक टीव्हीवर येतात ना," काका म्हणाले, "मग तिला नको का बघायला?" वाऱ्याने पानांवर इथली फिकट, पिठासारखी धूळ बसली की मावशी एकेक पान पुसतात. धुळीवर त्यांचा राग नाही. "बिचारी कोणाकच धरून रवणा नाय," एवढंच म्हणतात.

खेळाडूंची नावं त्यांना येतात, पण त्या ती घेत नाहीत. उंच असेल तो 'माड', रॅकेट आपटणारा 'पिसाळलेलो', आणि हरताना डोळे पुसणारी प्रत्येक मुलगी 'आमचा बाय'. कोण जिंकतंय यात त्यांना फारसा रस नसतो. एखादा खेळाडू घसरत घसरत चेंडूपर्यंत पोचला, उठला, आणि कॅमेरा त्याच्या पायांवर गेला, की मावशी पुढे सरकून दरवर्षी तोच प्रश्न विचारतात: "ह्याचे मोजे कोण धुता?" हा प्रश्न त्यांनी काकांना विचारलाय, मला विचारलाय, आणि एकदा मेलबर्नहून बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्याचं सांगायला फोन केलेल्या आपल्या लेकीलाही विचारलाय.

हिवाळ्यात दोह्यात पक्क्या, सिमेंटच्या कोर्टावर मोठी स्पर्धा होते, तेव्हा काकांच्या कंपनीचे पास मिळाले होते. आम्ही तिघं गेलो. काय सुरेख हवा होती, काय जागा होती, आणि मावशी दोन्ही मॅच संपेपर्यंत एका शब्दाने बोलल्या नाहीत. परतताना गाडीत काकांनी विचारलं, "आवडलं नाही का?" मावशी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मोजे पांढरेच रवले. मगे खेळले काय?" थोड्या वेळाने, सिग्नलला गाडी थांबल्यावर, कोणालाही उद्देशून नाही अशा त्या आपल्या आईविषयी म्हणाल्या, "शाळेतसून इलंय की आवस आदी पायांकडे बघी. एकदा मोज्यांसाठी धरून बडवल्यान होता माका." सिग्नल हिरवा झाला. "आता बडवूक कोण नाय," त्या म्हणाल्या, आणि काकांना गाडी हळू चालवायला सांगितलं.

पण मोज्यांपेक्षाही त्यांचा जीव कशात अडकला असेल तर तो चेंडूच्या खुणेत. मातीवर चेंडू टप्पा खातो तिथे लांबट ठसा उमटतो, आणि वाद झाला की पंच आपल्या उंच खुर्चीवरून उतरून तो ठसा बघायला येतात. पंच उतरू लागले की मावशी सोफ्यावरून उभ्या राहतात, राष्ट्रगीताला राहावं तशा. "माती खोटा बोलणा नाय," हे त्यांचं तत्त्व, आणि ते त्या घरीदारी वापरतात. काकांनी लाडू खाल्ला नाही म्हटलं तर शर्टावरच्या रव्याकडे बोट. एकदा पार्किंगमध्ये कोणीतरी त्यांच्या गाडीला घासून गेलं, तेव्हा मावशी बंपरसमोर उकिडव्या बसल्या, ओरखड्याकडे बोट रोखलं आणि गेटजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेल्या वॉचमनला म्हणाल्या, "भैया, कुर्सीसे नीचे उतरके निशान देखो." खुर्ची फूटभर उंच. तरी तो बिचारा उतरला, आला, वाकला, आणि म्हणाला, "आउट है, मॅडम." तेव्हापासून दर ईदला त्याच्याकडे त्यांचा डबा जातो.

पॅरिसची ती माती मुळात माती नाहीच, खाली चुनखडी आणि वर विटांची भुकटी असते, हे मी इंटरनेटवर वाचलं होतं आणि कोणाला सांगितलं नव्हतं. काकांनी मात्र कुठूनसं वाचून एका सेमीफायनलच्या मध्यावर जाहीर केलं. मी कुंडीकडे बघत बसले. मावशींनी चहाचा घोट संपवला. "वीट कशाची असता?" त्या म्हणाल्या. "मातयेचीच मां?"

मी इंग्रजी शाळेत वाढले. मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीतच यायचं. वाचायला शिकले ती मावशींकडच्या दिवाळी अंकांवर. लहान असताना त्यांच्या दारातून निघताना मी एकदा "मावशी, जाते" म्हणाले. त्यांनी मला आत ओढलं, बसवलं, पाणी दिलं आणि नव्याने उठून जायला लावलं. "जातंय म्हणा नये गो. येतंय म्हणाचा." त्यानंतर बिनचूक आणि न अडखळता म्हणता येणारा माझा एकच मराठी शब्द होता, 'येते', आणि त्याचा अर्थ माझ्यापुरता 'निघते' असा होता.

यंदाची तिकिटं लेकीने पाठवली होती, आईबाबांसाठी, दुसऱ्या आठवड्यातली. काका ऑगस्टमध्ये रिटायर होणार, मग रेसिडेन्सी संपणार, मग कुडाळ. तिथून पॅरिस फार लांब, हे सगळ्यांना कळत होतं. आणि नेमका काकांचा गुडघा सुजला. डॉक्टरांनी जिने चढायला बंदी केली. "तसाही मी या घरात प्रेक्षक कधी नव्हतो," काका म्हणाले. "मी बॉलबॉय. चहा आणतो, कप नेतो." मावशी एकट्या जायला तयार नव्हत्या, विमानतळावरच्या इंग्रजीची त्यांना भीती वाटते, आणि भीती वाटते हे सांगायची लाज. नाव बदलून दुसरं तिकीट कोणालाही देता येत होतं. माझ्या पासपोर्टवर ऑफिसच्या ट्रेनिंगसाठी घेतलेला युरोपचा व्हिसा अजून चालू होता, हेही दोघांना माहीत होतं. पण ज्या बाई तिसऱ्या वाढपाला नको म्हणणाऱ्याच्या ताटात घावन टाकतात, त्यांनी तिकिटाचा 'त' काढला नाही. जेवायला आग्रह करतात. सोबतीला करत नाहीत. ते ज्याचं त्याने म्हणावं लागतं.

आणि मी? मी त्या तारखांची रजा आठवड्यापूर्वीच टाकली होती. मंजूरही झाली होती. राहिलं होतं ते फक्त बोलायचं.

मी डबा टेबलावर ठेवला, जरा आवाज करून. मावशी बाहेर आल्या, शंकरपाळा तोंडात टाकला. "आवस बरी मां?" मी मान हलवली. त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं, 'बघा, म्हटलं नव्हतं?' अशा नजरेने. टीव्हीवर मॅच चालू होती. शेजारी कुंडी. ती कुंडी ऑगस्टनंतर माझ्याकडे राहणार, हे त्यांनी मला आधीच सांगून टाकलं होतं, जाता जाता, जणू पाण्याची मोटर बंद कर म्हणावं तसं. ऑगस्टमध्ये या दारातून त्या "येतंय हां" म्हणतील आणि कायमच्या जातील, आणि तेव्हा त्यांना आत ओढून, पाणी देऊन, नव्याने निघायला लावणारं कोणी नसेल.

चेंडू रेषेजवळ पडला. खेळाडूने रॅकेटने मातीकडे बोट केलं. पंच खुर्चीवरून उतरू लागले आणि मावशी उभ्या राहिल्या. हात पुढे बांधलेले. "जवळसून कसा दिसता असात गो ता?" त्या हळूच म्हणाल्या. मला नाही, बहुतेक कुंडीला.

माझ्याकडे एक इंग्रजी वाक्य तयार होतं, 'तुम्हाला चालणार असेल तर' अशी मागे पळवाट ठेवलेलं. ते मी गिळलं.

"येते," मी म्हणाले.

"ये हां," मावशी टीव्हीवरची नजर न काढता म्हणाल्या. "दार ओढून घे."

काका चहाचा ट्रे घेऊन दारात थबकले. पंच खुणेवर वाकले. मी जागची हलले नाही. बऱ्याच वेळाने मावशींच्या लक्षात आलं की दार वाजलं नाही, आणि त्या वळल्या.

"हे जायचं 'येते' नाही, मावशी," मी म्हणाले. "हे यायचं आहे."