खुंटीखालचे ठिपके

जुगार खेळणाऱ्या एका माणसाला मी कागदोपत्री जुगाराच्या अड्ड्याचा भागीदार करून टाकले. ही चूक माझी, दुसऱ्या कोणाची नाही. त्या माडीवरच्या भिंतीवरचे चुन्याचे ठिपके आजही डोळ्यांसमोर येतात. ते वाचायला आपण किती घाई केली, हेही त्यासोबत आठवते.

आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झाले होते. मी निपाणीला फौजदार होतो. तंबाखूचा हंगाम सुरू झाला की गावात पैसा खेळायचा आणि ठाण्यातली कामे वाढायची. वखारीतल्या चोऱ्या, बाजारातली मारामारी, हमरस्त्यावरचे अपघात. एका सकाळी हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी पाहत होतो. एक बाई आत आल्या. बसा म्हटले तरी बसल्या नाहीत.

"साहेब, आमच्या घरात मटणाचा डबा येतोय," त्या म्हणाल्या.

मला वाटले, विषबाधेची तक्रार आहे. "मग?"

"फुकट येतोय. आठवड्यातनं दोनदा. संक्रांतीला लुगडं आलतं. ह्यांना मोटार दारापतोर सोडती. शाळामास्तरला कोण एवढं करतंय, तुम्हीच सांगा."

विचारत गेलो तसा उलगडा झाला. त्यांचे पती एका खासगी शाळेत शिक्षक. शाळा सकाळची. दुपारी ते संकेश्वर रस्त्याला एका जुन्या वखारीच्या माडीवर जात. दारावर करमणूक मंडळाची पाटी, आत तीन पत्ती.

"अड्डा मोडा, साहेब. पर ह्यांची नोकरी ऱ्हायला पायजे. आणि मी आलते हे ह्यांना कधी कळाय नको. कळलं तर संसार ऱ्हायाचा न्हाय."

"शब्द देतो," मी म्हणालो.

गुरुजी गेल्या वर्षी वारले. त्यानंतर बाईंना विचारून, त्यांनी हो म्हटल्यावरच मी हे लिहीत आहे.

झडतीचे वॉरंट घेऊन, दोन पंचांसह आम्ही दुपारी छापा घातला. पत्ते, रोकड आणि पैशांऐवजी वापरायच्या रंगीत चकत्या मुद्देमालात आल्या. नऊ जण सापडले. अड्ड्याच्या मालकाला सगळे अण्णा म्हणत. दाराशी पान लावून देणारा एक म्हातारा असे, तो मागच्या जिन्याने पसार झाला.

पंचनामा लिहिताना भिंतीकडे लक्ष गेले. तिथे लाकडी खुंट्यांची रांग होती. नेहमीच्या गिऱ्हाइकाची खुंटी ठरलेली. टोपी, छत्री तिथेच अडकवायची. प्रत्येक खुंटीखाली बोटाने लावलेले चुन्याचे ठिपके होते. घरोघरी दुधाच्या रतिबाचे असतात तसे. सर्वांत जास्त ठिपके ज्या खुंटीखाली होते, तिथे गुरुजींची टोपी लटकत होती.

मी अण्णाला विचारले, "मास्तर तुझा कोण लागतो?"

"घरचंच माणूस की, साहेब."

"डबा कशाला पाठवतोस?"

"घरच्या माणसाला जेवाय घालायचं न्हाय व्हय?" तो हसत म्हणाला.

तो मला खेळवत होता. मी मात्र ही भागीदारीची कबुली समजलो आणि गुरुजींना तसे म्हणालो. गुरुजी मान खाली घालून एवढेच म्हणाले, "पत्ते खेळलो, कबूल आहे. पण माझी भागीदारी कसली, साहेब?"

"मग हे ठिपके कसले?"

"ते पानवाला लावायचा. आम्ही कधी विचारलं नाही."

आमचे हवालदार वयाने माझ्यापेक्षा मोठे. घरात कन्नड, पण मराठी आमच्यासारखीच. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, मास्तरच्या चपला बघितलासा काय? अंगठा तारेनं बांधलाय. ह्यो कुठला भागीदार?"

"तेच तर सोंग आहे," मी म्हणालो.

मला इतकी खात्री का होती, हे सांगणे भाग आहे. आमच्या खात्यात ज्याच्या घरी कोणाचा डबा जातो, तो त्या माणसाचा झालेला असतो, हे मी रोज पाहत होतो. मी जगाला तोच नियम लावला. जुगार खेळताना सापडणे आणि अड्डा चालवणे हे दोन वेगळे गुन्हे आहेत. पहिल्यात दंड भरून माणूस घरी जातो. गुरुजींना मी दुसऱ्यात घातले, आणि शाळेच्या संस्थेला तसे पत्र पाठवले. त्यात भागीदार हा शब्द होता. वरिष्ठांनी कामगिरीबद्दल माझ्या सर्व्हिस बुकात चांगला शेरा लिहिला.

महिन्याभराने पानवाला खानापुरात सापडला. दोषारोपपत्र तोवर कोर्टात गेले होते. मी सहज विचारले, "ठिपका कशाचा होता रे?"

"चकत्या संपल्या आणि गड्यानं नव्या मागितल्या, की एक ठिपका. मला लिवाय कुठं येतंय! सांजच्याला अण्णा भिंत बघायचं. पाच ठिपकं झालं तर चा-भजी. धा झालं तर घरला मटणाचा डबा. त्येच्या वर गेला की मोटार, सणाला बायकूला लुगडं. आठ दिस गडी दिसला न्हाय, तर मोटार त्येला आणाय जायाची."

"आणि जिंकणाऱ्याला काय?"

म्हातारा हसला. "त्येला पानबी इकत. जिंकलेला सोताच्या पायानं येतोय, साहेब. हरलेल्याला आणाय मोटार लागती."

हवालदार माझ्याकडे पाहत होते.

सर्वांत जास्त ठिपके, म्हणजे सर्वांत जास्त लुबाडलेला माणूस. मी त्यालाच लुबाडणाऱ्यांत बसवले होते. तेव्हाही चूक सुधारता आली असती. पुरवणी जबाब जोडायचा, संस्थेला दुसरे पत्र लिहायचे, अर्ध्या तासाचे काम. मी म्हाताऱ्याचा जबाब लिहून घेतला आणि ठिपक्यांचा अर्थ तेवढा गाळला. सर्व्हिस बुकातला शेरा मला जास्त प्रिय होता.

कोर्टाने भागीदारीचा आरोप मानला नाही. गुरुजींना खेळण्यापुरता दंड झाला. पण संस्थेने माझे पत्र वाचले होते, निकालाची वाट पाहिली नव्हती. नोकरी गेली. बाई तंबाखूच्या वखारीत कामाला जाऊ लागल्या. एकदा ठाण्यात आल्या, पहिल्या दिवशी जिथे उभ्या होत्या तिथेच उभ्या राहिल्या.

"साहेब, तुम्ही शब्द दिलता."

"कायद्यापुढे माझा इलाज नव्हता," मी म्हणालो. हे खोटे होते.

पुढे माझ्या हाताखाली नवे फौजदार आले, तेव्हा मी त्यांना सांगत असे की फुकटची वस्तू दिसली तर ती कोणाला मिळाली एवढ्यावर थांबू नका, ती त्याला का दिली ते विचारा. आणि हवालदार चपलांकडे बोट दाखवत असेल तर चपला बघा. मी ते कुठे शिकलो, हे मात्र त्यांना कधी सांगितले नाही.

मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि गुरुजींचा पत्ता शोधत बेळगावजवळ पिरनवाडीला गेलो. दोन खोल्यांचे घर, ओट्यावर शिकवणीच्या मुलांच्या चपला. गुरुजींनी मला ओळखले आणि मुलांना सुट्टी दिली. बाई चहा ठेवायला आत गेल्या.

"तुम्ही भागीदार नव्हता, हे मला महिन्याभरात कळलं होतं," मी म्हणालो. "ते मी कागदावर आणलं नाही. तुमची नोकरी माझ्यामुळे गेली."

गुरुजी म्हणाले, "पत्ते मीच खेळलो, साहेब. त्यानंतर हात लावला नाही. पण एक सांगा. खबर आमच्या शाळेत शेजारच्या वर्गावर होते त्या मास्तरांनीच दिली ना? तेव्हापासून मी त्यांच्याशी बोललो नाही."

बाई कप घेऊन आतल्या दारात आल्या होत्या. तिथेच थांबल्या.

बाईंची माफी मागण्यासाठीच मी आलो होतो. ती उघड मागितली असती, तर त्यांचा विश्वास दुसऱ्यांदा मोडला असता.

"त्या मास्तरांनी नाही. त्यांच्याशी बोला," मी म्हणालो. "नाव मी सांगणार नाही. पोलीस खबर देणाऱ्याचं नाव सांगत नाहीत. पण त्या माणसाला तुमचं भलं हवं होतं. तुमची नोकरी वाचवीन असा शब्द मी त्या माणसाला दिला होता, आणि तो मोडला. वर इलाज नव्हता असं खोटंही बोललो."

मी उठून हात जोडले. गुरुजी समोर होते, दार त्यांच्या पाठीमागे, आणि दारात बाई.

"मी चुकलो," मी म्हणालो. "तुम्ही मला माफ करा. आणि त्या माणसानंही करावं."