दार लावून घेण्याचा हक्क

सुनंदाताई म्हात्रे यांची माझी ओळख अलिबागच्या आमच्या कचेरीत झाली. आमची कंपनी ऑनलाइन खेळ चालवते. न्यायालयातली लघुलेखकाची नोकरी सोडून ताई खेळाडूंच्या तक्रारी पाहायला आल्या होत्या. मी त्यांना ऐटीत समजावलं, की चार माणसांची तुकडी, बहुधा एकमेकांना अनोळखी, आपसात बोलत एक किल्ला राखते. कुणी वेडंवाकडं बोललं की इतर तक्रार करतात, तक्रारींनी त्याची पत घसरते आणि फारच घसरली तर खातं आपोआप बंद होतं. ताईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, खातं बंद करण्याआधी त्या माणसाला कुणी काही विचारतं का? तोवर कुणीच विचारत नव्हतं.

ताईंच्या साठीनिमित्तच्या या गौरवग्रंथात लिहिताना त्यांचं नुसतं कौतुक करणं त्यांनाच आवडणार नाही. त्या निकाल सावकाश देतात, आणि त्यांच्यामुळे विभागाला वरून बोलणी खावी लागतात. खेळात तर त्या इतक्या कच्च्या आहेत, की त्यांच्या तुकडीत जायची वेळ आली की आम्हा सगळ्यांना कामं आठवतात.

त्यांची रीत मला कळली ती इक्बालभाईंच्या प्रकरणात. हरिहरेश्वरजवळचे हे गृहस्थ आखातात नोकरी करतात आणि संध्याकाळी गावाकडच्या धाकट्या भावाबरोबर, सलीमबरोबर खेळतात. त्यांचं खातं बंद झालं. कारण एकच, ते भावाला सारखं ‘मेल्या’ म्हणत आणि त्यांच्या तुकडीत वारंवार येणारा एक खेळाडू दर वेळी तक्रार करी. फोनवर ते ताईंना म्हणाले, “मॅडम, फोन केला तर भाऊ ‘बरा हाय’ बोलून ठेवतो. घरचं खरं काय ते खेळतानाच बोलतो. तेवढंच बंद करू नका.”

मी इथलाच. आमच्याकडे आई लेकाला जेवायलाही मेल्या म्हणूनच बोलावते. खातं सुरू करा आणि तक्रारदाराला समज द्या, असं मी सुचवलं. ताईंनी आधी तक्रारदाराला फोन लावला.

त्या काशीदच्या एक बाई निघाल्या. त्यांचे यजमान मासेमारीला गेले ते परत आलेच नाहीत. घर गप्प झालं म्हणून त्या पुरुषी नावानं खेळू लागल्या होत्या. त्या म्हणाल्या, “त्यांनी भावाला प्रेमानं बोलावा, माझं काय न्हाय. पन मला त्यो सबूद आयकवत न्हाय.” दुसऱ्याला ब्लॉक करता येतं, म्हणजे तो आपल्या तुकडीत येतच नाही, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. ते बटण आम्ही इतकं आत दडवलं होतं, की त्यांना तक्रारीखेरीज वाट दिसली नव्हती.

सुट्टीच्या दिवशी ताई एसटीनं काशीदला गेल्या आणि शेजारी बसून त्यांना ते बटण दाखवून आल्या. इक्बालभाईंचं खातं सुरू झालं, घसरलेली पत भरून मिळाली. मग ताई वरिष्ठांशी भांडल्या. तेव्हा कुणी ब्लॉक केलं तरी समोरच्याची पत उतरत असे. ते थांबवा आणि बटण समोर आणा, असा त्यांचा आग्रह. असं केलं तर जो तो ज्याला त्याला ब्लॉक करील, असं वरिष्ठ म्हणाले. ताईंचं उत्तर मला पाठ आहे: “आपलं दार लावून घेणं म्हणजे शेजाऱ्यावर फिर्याद नव्हे.” बऱ्याच बैठकांनंतर नियम बदलला.

बाईंची हकीकत ताईंनी इक्बालभाईंना सांगितली नाही. एका माणसाला तो शब्द सोसत नाही, तुमचा दोष नाही, एवढंच कळवलं. या ग्रंथासाठी बाईंच्या संमतीनं हे लिहिताना मी इक्बालभाईंना फोन केला. ते म्हणाले, तुकडीत अनोळखी कुणी असलं की आता ते भावाला नावानं हाक मारतात. पहिल्यांदा तशी हाक मारली तेव्हा सलीम खेळायचाच थांबला आणि म्हणाला, “भाई, माझं काय चुकलं?”

ताईंना उदंड आयुष्य आणि उत्तम प्रकृती लाभो. त्यांनी असेच सावकाश निकाल द्यावेत; आम्ही बोलणी खाऊ.