अक्कांचा सोन्या
बायकांनी गोठ्याकडे फिरकूही नये अशा वेळी आमच्या अक्का गाईचं दावं धरून पुढे उभ्या असत. धुळ्याहून लग्न होऊन मी पाचोऱ्याजवळच्या मळ्यात आले आणि त्याच आठवड्यात हे पाहिलं. गाय माजावर आलेली, वळू तिच्यावर चढतोय, भोवती गडीमाणसं आणि मधोमध पदर खोचून यांच्या आत्या! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी स्वयंपाकघरात पळाले.

जेवताना त्यांनी मला गाठलंच. "गायना नवरा मी निवडस, मंग उभी ऱ्हावाले कसानी लाज?" नव्या सुनेशी कोणी असं बोलतं?

ऐन तारुण्यात विधवा होऊन त्या माहेरी परतल्या होत्या. मूलबाळ नव्हतं. स्वातंत्र्याच्या आगेमागे त्यांनी हा गोठा उभा केला. पाचोऱ्याच्या हलवायांकडे आमचं दूध जाई. कोणती गाय कोणाची लेक, हे त्यांना तोंडपाठ. माझ्या सख्ख्या भावाचं नाव मात्र त्या दर वेळी चुकत.

त्यांची सगळी माया सोन्या वळूवर. आई मेलेलं ते वासरू त्यांनी बोटाने दूध चाटवून जगवलं होतं. "मना आंडोर शे," माझा लेक आहे, असं चारचौघांत सांगत. एवढं धूड, पण त्यांच्या हातची भाकरी खाताना मान खाली घाली. त्याच्यावर काठी उगारली म्हणून एका गड्याला त्यांनी कायमचं घरी बसवलं होतं.

सोन्याच्या कालवडी मोठ्या झाल्या आणि एके सकाळी अक्कांनी जाहीर केलं, सोन्या गिरणा नदीपलीकडच्या गोठ्यात जाणार, तिथला वळू इकडे येणार. वळूंची अशी अदलाबदल आमच्याकडे चालेच, पण सोन्याची? यांनी हात जोडले. अक्का म्हणाल्या, "ह्या बठ्ठ्या त्यान्या आंडेरी शेतस. बापले आते आठे जागा नही." लेकीवर बाप गेला की वंश बिघडतो, त्यापुढे त्यांना काही ऐकायचं नव्हतं.

पंधरवड्याने सोन्या दावं तोडून परत आला. खूर चिरलेले, बरगड्या वर आलेल्या. अक्कांना पाहून हंबरला. मी भाकरी आणायला धावले. बाहेर येऊन पाहते तो अक्का त्याला काठीने झोडपत होत्या. पाठीवर, मानेवर, दिसेल तिथे. आणि तो मान खाली घालून भाकरीची वाट बघत उभा! "अक्का, अहो, तुमचा सोन्या आहे तो!" मी किंचाळले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नाकावर काठी बसली तेव्हा तो मागे सरला. मग गड्यांनी त्याला नदीपलीकडे नेलं. त्या दिवशी मला अक्कांचं तोंड बघवेना.

पोळ्याला खापरावरची पुरणपोळी फडक्यात बांधून त्या मला घेऊन गिरणेपलीकडे निघाल्या. सोन्या लिंबाखाली बांधलेला होता, अंगावर झूल. चांगला भरला होता. अक्कांनी पोळी पुढे केली मात्र, तो दावं ताणून मागे सरला आणि थरथरायला लागला. त्या काही वेळ हात तसाच धरून उभ्या राहिल्या. शेवटी पोळी खाली ठेवून आम्ही बांधाआड गेलो, तेव्हा कुठे त्याने तिला तोंड लावलं.

"बरं झायं," अक्का म्हणाल्या, "आते तो घरनी वाट इसरी जाई."

त्यांना जवळ घ्यावं असं फार वाटलं, धीर झाला नाही. त्यांनी उजवा हात पदरात गुंडाळून घेतला होता. घर येईपर्यंत तो बाहेर काढला नाही.