मशीन चालली की समजायचं!

टेलरच्या दुकानात कात्रणं साठतात. आज फेकू, उद्या फेकू म्हणता म्हणता पोतं भरतं, कारण प्रत्येक तुकडा हातात घेतला की वाटतं, अरे, हा तर अमकीच्या ब्लाउजचा! किश्श्यांचंही तसंच आहे. चामोर्शीतल्या माझ्या दुकानात आम्ही दुपारी कादंबऱ्या वाचायला लागलो, तेव्हापासून इतके साठलेत की आता थोडे तरी बाहेर काढावे म्हणते.

आधी मंडळींची ओळख करून देते. मी मंदा, दुकान माझं. कविता अंगणवाडीत आहे. तिकडची पोरं घरी गेली की ती थेट माझ्याकडे येते. शोभा माझ्याकडे हुक-काजं करते. आणि शोभाची सासू वच्छलाबाई तलावातल्या मासोळ्या विकते. सकाळचा माल संपला की रिकामं टोपलं दाराबाहेर पालथं घालून सुनेच्या शेजारी येऊन बसते. शोभाचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. घरात या दोघीच. शोभा सासूला 'माय' म्हणते.

शिवताना हात अडकलेले, डोळे अडकलेले, कान तेवढे मोकळे. म्हणून मी एकदा कविताला म्हटलं, "तू वाच, मी शिवते." तिची बहीण नागपूरला असते, ती पुस्तकं पाठवते. सगळी हल्लीची, प्रेमाची, संसाराची, बायकांनी बायकांसाठी लिहिलेली. मशीनच्या खडखडाटात ऐकू येत नाही, म्हणून वाचनाच्या वेळेला मी हातशिलाईची कामं ठेवते. झालं, आमची शाळा सुरू!

*

एकच अडचण होती. वच्छलाबाईला कमी ऐकू येतं. त्यामुळे कविताला गावाला दवंडी दिल्यासारखं वाचावं लागतं. आणि माझं दुकान आणि शेजारचं नामदेवभाऊंचं सायकल दुरुस्तीचं दुकान, यांच्यामध्ये भिंत नाही, नुसता टिनाचा पत्रा आहे.

पहिल्याच कादंबरीत नायकानं नायिकेचा चेहरा ओंजळीत घेतला. कविता आपल्या नादात, खणखणीत आवाजात वाचत होती. आणि एकदम पलीकडची ठोकठोक बंद झाली! आम्ही एकमेकींकडे बघितलं. शोभा तर लालबुंद. मला काही सुचेना, पाय मशीनवर होते, मी मारलं जोरात पायडल. खडखडखडखड! कविताचा आवाज त्यात बुडाला आणि नायकानं पुढं जे काय करायचं ते बिनघोर केलं.

तेव्हापासून आमचा नियमच झाला. नाजूक जागा जवळ आली की कविता वाचता वाचता नुसती एक भुवई वर करते आणि मी मशीन सोडते. प्रसंग संपला की ती मान हलवते आणि मी थांबते. आता माझा पाय तिच्या भुवईला बांधलेला आहे म्हटलं तरी चालेल.

आम्हाला वाटलं, आपली लाज राहिली. पण एका दुपारी नामदेवभाऊ पाणी प्यायला आले. गडूभर पाणी प्यायले, तोंड पुसलं आणि जाता जाता म्हणाले, "मंदाबाई, या खेपेच्या पुस्तकात काई दम नाई वाट्टे. कालपासून मशीनच चालून नाई राह्यली!"

*

या व्यवस्थेत खरा अन्याय झाला तो वच्छलाबाईवर. एरवीच कमी ऐकू येतं, त्यात मशीन चालली की काहीच नाही. मधला सगळा भाग तिच्यासाठी कोराच! पण बिचारी तक्रार करायची नाही. सुपारी कातरत बसायची.

एक दिवस मात्र तिच्यानं राहवलं नाही. कवितानं प्रकरण संपवलं, मशीन थांबली, आणि वच्छलाबाई कपाळाला हात लावून म्हणाली, "या लोकाइचं मले समजूनच नाई राह्यलं वो माय. आत्ता तं दोघं भांडून राह्यले होते. मशीन चालली, आन् पोट्टं झालं!"

हसता हसता माझी सुई तुटली. कविता तर पुस्तकानं तोंड झाकून बसली.

*

आमच्यात पुस्तकांची नावं कोणाच्या लक्षात राहत नाहीत. आम्ही आमची नावं ठेवतो. एक बेकरीवाली, एक डॉक्टरीणवाली, एक घर बदलणारी.

मला या कादंबऱ्या आवडतात, आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही. काही लोक म्हणतात, टाइमपास आहे. असू दे की! पण बेकरीवाली घ्या. चाळिशी ओलांडलेली बाई, घटस्फोट झालेला, पहिला केक करपतो, दुसरा बसतो, तिसरा फुगतो. त्या तिसऱ्या केकच्या वेळी मी शिवण थांबवून ऐकत होते. आमच्या लहानपणच्या गोष्टींत चाळिशीची बाई म्हणजे कोणाची तरी आई. हिला स्वतःची गोष्ट आहे! तिच्यावर प्रेम करणारा माणूससुद्धा काय छान लिहिलाय. फार बोलत नाही. ती थकून येते तेव्हा न विचारता चहा ठेवतो. कवितानं ते वाचून पुस्तक मांडीवर ठेवलं. मग म्हणाली, "बाप्पा, लेखिकेनं हा कुठी पाह्यला असंन?"

शोभा खाली मान घालून हुक लावत होती. तिनं उलट्या बाजूनं लावलेले सगळे हुक मी नंतर उसवले. तिला काही बोलले नाही. का, तेही सांगून टाकते.

लांब, गोदावरीकडच्या सिरोंच्याचा राजन्ना आपली पिकअप घेऊन आमच्याकडच्या तलावांवर मासोळी घ्यायला येतो. बायको वारलेली. घरी तेलुगू, आमच्याशी तोडकं मराठी. शांत माणूस. त्यानं कविताकडे निरोप दिला होता, शोभाबाईला लग्नाचं विचारा म्हणून. शोभानं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. फक्त एवढंच म्हणाली, "मी गेली तं मायजवळ कोन?" तेव्हापासून तो बाजाराच्या दिवशी दुकानासमोर गाडी हळू करायचा, "बाई, बरं हाय ना?" एवढं विचारायचा आणि निघून जायचा. शोभाही "हाय" एवढंच म्हणायची. एखाद्या पुस्तकात इतकं हळू चाललं असतं, तर आम्ही कविताला पानं उलटायला लावली असती!

*

एक कादंबरी तर आमच्याच जंगलाची निघाली. मुंबईचं जोडपं, लग्न मोडायला आलेलं, ते एकमेकांना पुन्हा ओळखायला म्हणून आमच्याकडच्या जंगलात येतं. रिसॉर्ट, तंबू, मेणबत्त्या. लेखिकेनं मोहाच्या झाडाचा वास असा लिहिलाय की मला दुकानात बसून आला. मी खूश!

वच्छलाबाई खूश नव्हती. "सरपन आनाले गेले का?"

"नाई, माय," कविता म्हणाली.

"मोहफूल वेचाले?"

"नाई वो."

"मंग जंगलात काऊन गेले?"

कवितानं समजावलं, एकमेकांशी बोलायला गेले. वच्छलाबाईनं ते मान्य केलं. पुढं त्या दोघांचं खरंच बोलणं सुरू झालं, वर्षानुवर्षांचं मनातलं बाहेर पडायला लागलं, सूर्य कलला, ती रडायला लागली, त्यानं हात पुढं केला. कवितानं भुवई वर केली. मी पाय टेकवला. इतक्यात वच्छलाबाईनं कविताचा दंडच धरला. "अवो, थांब! झाकट पडली ना! आधी त्याइले घरात जाऊ दे. तिकडं वाघ हाय!"

तिच्या डोळ्यांत खरी भीती होती. आमच्याकडे झाकट पडल्यावर, म्हणजे तिन्हीसांजेनंतर, जंगलात राहिलेल्या माणसाची काळजी करायला तो ओळखीचा असावा लागत नाही. कवितानं काय केलं असेल? पुस्तकात नसलेलं वाक्य वाचलं. "मग ते दोघं आत गेले आणि त्यांनी दाराला कडी लावली." वच्छलाबाईनं दंड सोडला, आणि मग मी मशीन चालवली.

*

आमच्या एक गिऱ्हाईक मास्तरीणबाई आहेत. बेकरीवालीचा करपलेला केक ऐकता ऐकता मी त्यांच्या ब्लाउजच्या बाह्या अदलाबदल करून बसवल्या. त्या तणतणत आल्या. "मंदाबाई, लक्ष कुठी रायते तुमचं? असल्या फालतू कादंबऱ्या ऐकता आन् आमच्या कपड्याइचं वाटोळं करता!"

मी माफी मागितली, बसा म्हटलं, आत्ता उसवून देते. त्या बसल्या. कवितानं नेहमीच्या खणखणीत आवाजात वाचन पुढं चालू ठेवलं. मी बाह्या नीट करून कधीच पुढं ठेवल्या होत्या. मास्तरीणबाई ब्लाउज मांडीवर घेऊन तशाच बसून. प्रकरण संपल्यावर भानावर आल्या आणि ब्लाउज उचलून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर! "जरा कमरेत सैल करून द्या." करून दिला. पुढच्या दिवशी, "अजून जरासा." बेकरीवाली संपेपर्यंत तो ब्लाउज इतका सैल झाला की त्यात मी आणि त्या दोघी मावलो असतो. शेवटच्या पानाला त्यांनी त्याच ब्लाउजला डोळे पुसले. मग म्हणाल्या, "आता हा घट्ट कराचा हाय. दुसरं पुस्तक कोन्तं हाय?"

*

मग आली ती सासूवाली.

कादंबऱ्यांतल्या सासवांवर वच्छलाबाईचा आधीपासून राग होता. "सासू हमेशा खराबच काऊन रायते वो? लिहिनारीले सासू नव्हती का?" कविता म्हणायची, मी कळवते त्यांना.

ही मात्र वेगळी होती. हिच्यातली सासू आपल्या विधवा सुनेसाठी स्वतः स्थळ बघते. गोडगोड केलेलं नाही हं! सासू आधी रडते, भांडते, मुलाचा फोटो उराशी धरते, सुनेशी अबोला धरते, आणि मग एका सकाळी उठून स्वतःच माणूस बघायला जाते. त्या लेखिकेला सासूचं मन कळलंय, आणि सुनेचंही. मी खूप ऐकलंय, पण इतकं खरं क्वचितच ऐकलं. मला ते आवडलं तर आवडलंच, पण त्या दिवशी ते ऐकणं सोपं नव्हतं.

कारण कविता वाचता वाचता अडखळली. तिनं शोभाकडे बघितलं, मग माझ्याकडे. भुवई वर करावी का, तिला समजेना. प्रसंग त्या प्रकारचा नव्हता, पण नाजूक तर होताच. शोभाचा हात हुकावर थांबलेला.

वच्छलाबाई म्हणाली, "थांबली काऊन? वाच."

कवितानं वाचलं. अगदी मोठ्यानं, एकेक शब्द सोडवून. संपल्यावर वच्छलाबाई म्हणाली, "पुन्हा वाच." तिनं पुन्हा वाचलं. पलीकडे नामदेवभाऊंची ठोकठोक केव्हाची बंद होती.

वच्छलाबाईनं सुपारी तोंडात टाकली, रस्त्याकडे बघत बसली. मग मध्येच, कोणी काही विचारलं नसताना म्हणाली, "सिरोंच्याले गोदावरीत लय मोठ्या मासोळ्या रायतात म्हने."

सिरोंच्याचं नाव तिनं पहिल्यांदाच काढलं होतं. शोभा उठून पाणी प्यायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

*

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवसाची गोष्ट. दुपार होती. माझ्या हातातलं काम नुकतंच संपलेलं, कविता नव्या पुस्तकाचं पहिलं पान काढत होती. समोर पिकअप थांबली. हळू नाही झाली, थांबली. राजन्ना उतरला. अंगात इस्त्रीचा शर्ट. दाराशी चपला काढल्या, वच्छलाबाईच्या पालथ्या टोपल्याला वळसा घालून आत आला आणि उभा राहिला.

आम्ही बसा म्हणायचंही विसरलो. तो बसलाही नसता. कपाळावर घाम आलेला, हात कुठं ठेवावे ते सुचत नव्हतं. एकदा वच्छलाबाईकडे बघितलं, एकदा शोभाकडे.

"शोभाबाई," तो म्हणाला, "मी इचार केला. तुमी दोघी..."

कविताची भुवई वर गेली! तिची चूक नाही, सवयच झाली आहे. आणि तिची भुवई वर गेल्यावर माझा पाय कसला थांबतो? खडखडखडखड! राजन्नाचे ओठ हलत होते, हातवारे चालले होते, मराठीत शब्द सापडला नाही की तेलुगूत जात असावा, आणि मी जीव खाऊन पायडल मारत होते. खाली बघितलं तर मशीनमध्ये कापडच नव्हतं. तरी पाय थांबेना. वच्छलाबाई गोंधळून सगळ्यांची तोंडं बघत होती.

शोभा उठली. हुकांची डबी बाजूला ठेवली, माझ्याजवळ आली आणि मशीनच्या फिरत्या चाकावर हात ठेवला. मशीन थांबली. पत्र्यापलीकडेही काही वाजत नव्हतं.

ती राजन्नाकडे वळली आणि म्हणाली, "आता बोला. अन् जरा मोठ्यानं बोला. माह्या मायले कमी ऐकू येते."