साहेबांची डुलकी

साहेबांनी स्टेजवर पहिली डुलकी काढली, तेव्हा मी भाषणाच्या दुसऱ्या मुद्द्यावर होतो. विषय होता, 'पुरेशी झोप, निरोगी आयुष्य.'

श्रीरामपूरकडच्या एका साखर कारखान्यात मी मेडिकल ऑफिसर. कार्यक्रमाची कल्पना एमडी साहेबांची, म्हणजे कारखान्याच्या कार्यकारी संचालकांची. वेळही त्यांनीच ठरवली, सकाळी साडेआठ. रात्रपाळी आठला सुटते, म्हणजे माणसं आयती मिळतात.

"साहेब, ते रात्रभर जागे असतात," मी म्हणालो होतो.

"म्हणून तर त्यांना झोपेची माहिती हवी. हजेरी कंपल्सरी."

दीडशे माणसं लाल डोळ्यांनी बसली होती. पेंगू नयेत म्हणून दोनदा चहा फिरवला होता. मी सांगत होतो : झोपेत ब्लड प्रेशर उतरतं, हृदयाला विसावा मिळतो. वर्षानुवर्षं तो मिळाला नाही, तर बीपी चढाच राहतो. मग हृदय, किडनी यांच्यावर ताण येतो, शुगरही वाढते.

पहिल्या रांगेतून रंगनाथ उठला. हा आमचा पॅनमन. पॅन म्हणजे उसाचा रस आटवून साखरेचा दाणा पाडायचं मोठं भांडं. तिथं डोळा लागला की अख्खा माल बिघडतो. रंगनाथच्या बीपीला दोन गोळ्या चालू होत्या, तरी तो खाली येत नव्हता.

"डॉक्टर, सात तास झोपा म्हणता. पुढच्या पाळीचा रिलीव्हर आला न्हाई की मला डबल पाळी. मग झोपायचं कवा?"

उत्तर डुलकीतून जागे झालेल्या साहेबांनीच दिलं. "मनाची तयारी लागते. मी चार तास झोपतो. काही झालंय मला?"

टाळ्या झाल्या. साहेब खुर्चीत टेकले आणि दोन मिनिटांत घोरू लागले. माईक समोरच होता. हॉलभर हशा पिकला.

मग घोरणं एकदम थांबलं. मी मनात आकडे मोजू लागलो. वीस झाले, तरी श्वास नाही. अचानक साहेब बुडता माणूस वर यावा तसे धाप टाकून पुन्हा घोरू लागले.

"हसू नका रं," रंगनाथ मागं वळून ओरडला. "श्वास आडकतोय त्यांचा. माज्या सासऱ्याचं आसंच हुतं. झोपेतच गेले."

मी साहेबांना उठवून दवाखान्यात नेलं. बीपी एकशे ऐंशी.

"मशीन खराब आहे तुमचं."

दुसरं मशीन लावलं. तेही तेच म्हणालं.

नगरला त्यांची झोपेची तपासणी झाली. झोपेत श्वास वारंवार अडत होता, त्यामुळे झोप अशी होतच नव्हती. नाकावर लावायचं यंत्र मिळालं, वर तीन आठवडे सक्तीची विश्रांती. रंगनाथला कार्यक्रमाला हजर राहिल्याचं सर्टिफिकेट मिळालं.

महिन्यानं साहेबांनी मला बोलावलं. चेहरा चक्क प्रसन्न होता. "डॉक्टर, कित्येक वर्षांनी सकाळी डोकं हलकं वाटतंय हो. रात्री यंत्र लावलं की थेट सहाला जाग."

ही संधी साधून मी एक कागद पुढे केला. रंगनाथला डबल पाळी देऊ नये, हंगामभर दिवसपाळी द्यावी, ही माझी अडकून पडलेली जुनी शिफारस.

साहेबांनी ती नीट वाचली. "योग्य आहे. अडवली कुणी?"

"मागच्या बाजूला शेरा आहे."

त्यांनी कागद उलटला. 'उत्पादनावर परिणाम होईल. नामंजूर.' खाली त्यांचीच सही. तारीख विश्रांतीच्या आधीची.

साहेबांनी चष्मा सारखा करून सही पुन्हा वाचली आणि म्हणाले, "झोपेत केली असणार."

त्याच दिवशी मंजुरी मिळाली. पॅनवर दोन जादा रिलीव्हर आले. हंगाम संपेपर्यंत रंगनाथचा बीपी एका गोळीवर आला, आणि उत्पादनावर काहीही परिणाम झाला नाही.

आता कुठलीही शिफारस घेऊन जाण्याआधी मी साहेबांच्या शिपायाला एकच विचारतो, रात्री साहेबांची झोप झाली का? नाही म्हणाला, तर फाइल घेऊन परत फिरतो.