बॉनेटमध्ये काय शोधता?

शर्यत संपली आणि एका गृहस्थांनी माझ्या मैत्रिणीच्या, नीलिमाच्या गाडीचं बॉनेट तिला न विचारता उघडलं. मैदानात मांडलेल्या शंकूंमधून कमीत कमी वेळात गाडी काढायची, अशी ती नवशिक्यांची शर्यत. नीलिमा पहिली आली होती, तेही रोजच्या जुन्या गाडीवर. तिने फक्त टायर बदलले होते. बाकी वर्षभर दर रविवारी शिकवणी लावून ती वळणाआधी ब्रेक कधी सोडायचा, नजर कुठे ठेवायची, एवढंच गिरवत होती.

"इंजिनात काहीतरी करून घेतलंय," गृहस्थ आत डोकावत म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. भाजी चांगली झाली की मसाला कुठला म्हणून विचारणारी हीच माणसं! बाईच्या हातात काही असू शकतं, हे यांच्या मनातच येत नाही.

नीलिमाने शांतपणे किल्ली पुढे केली. "घ्या, तुम्हीच एक फेरी मारा."

त्यांनी मारली. सहा शंकू आडवे झाले. उतरताना म्हणाले, "स्टिअरिंग फार जड आहे हो तुमचं."

नीलिमा खळखळून हसली. मला मात्र ते आठवलं की अजूनही हसू येत नाही.